सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

डॉक्टर ओबुरांकडे टाइप केलेले चौदा प्रश्न होते. देव आहे का, मरण म्हणजे काय, काळ पुढे जातो की फिरून येतो, बाई आणि पुरुष बरोबरीचे आहेत का, असे. हे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत हे गावाला कळायला आठवडा लागला. तोवर दोघांनी त्यांना गुडघे दाखवले होते आणि एकीने सुनेला मूल का होत नाही ते विचारून घेतलं होतं. ते नैरोबीत तत्त्वज्ञान शिकवायचे. जन्म तिथल्याच रेल्वे वसाहतीतला, त्यामुळे नाव आमच्यातलं असलं तरी आमची भाषा ते बोलायचे ती नवे बूट घालून चालल्यासारखी. म्हणून त्यांना मी लागले.

मी मिशनच्या कचेरीत टाइप करायची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं एका म्हाताऱ्या पाद्र्याने मागे ठेवलेल्या तीन फळ्या पुस्तकांतून. त्यात तत्त्वज्ञानाची होती आणि कथांचीही होती, आणि वाळवीने दोन्हींत काही फरक केला नव्हता. नवऱ्याच्या घरून परत आले त्याला नऊ वर्षं झाली होती. आमच्याकडे परत आलेल्या मुलीला कुणी फारसं बोलत नाही. भावाच्या वाडीत कुंपणालगतची झोपडी देतात, एवढंच.

डॉक्टरांचं म्हणणं असं की, बाहेरचे लोक म्हणतात आफ्रिकेत म्हणी आहेत, गोष्टी आहेत, पण स्वतःच्या डोक्याने विचार करणारा माणूस नाही. हे खोटं आहे आणि ते पुस्तक लिहून दाखवून द्यायचं आहे. त्यासाठी म्हातारी माणसं शोधायची, त्यांना चौदा प्रश्न विचारायचे आणि चाळणी लावायची. वाडवडिलांकडून ऐकलेलं जो परत सांगतो तो 'सांगणारा'. स्वतःचं मत देऊन वर कारण देतो तो 'विचारवंत'. पुस्तकात विचारवंत जाणार होते. सांगणाऱ्यांची शेवटी यादी.

आमच्या गावात विचारवंत सापडला तो झाब्लोनकाका. किसुमूच्या बंदरात तीस वर्षं कारकून होते, चष्मा होता आणि प्रत्येक उत्तर "माझं स्वतःचं मत विचाराल तर" इथून सुरू करायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ज्या चालीला आपलं कारण सांगता येत नाही, तिला प्रश्न विचारलाच पाहिजे." डॉक्टरांनी टेप थांबवून ते वाक्य परत ऐकलं. संध्याकाळी गेस्ट हाउसवर जाताना ते गाणं गुणगुणत होते.

दुसरी होती काकांची विधवा भावजय, सेमेची लेक. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात. ती सेमेहून आली म्हणून साठ वर्षं सेमेची लेक. तुर्फोसा हे तिचं नाव पाद्र्याला आणि दवाखान्याच्या कागदालाच ठाऊक. डॉक्टरांच्या यादीत ती नव्हतीच, तिने स्वतः निरोप पाठवला की मलाही विचारा. अट एकच घातली. मी जे बोलेन ते नंतर भावोजींना वाचून दाखवायचं.

अट का घातली हे मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच होतं. तिची मुलगी अलुओच बारा वर्षांपूर्वी कानोहून नवऱ्याला सोडून आली, लग्नात सासरकडून तिच्यासाठी आलेल्या गाई परत गेल्या, आणि तेव्हापासून ती बाजारात सुकट विकायची. आता तिचे पाय सुजले होते. दवाखान्यात म्हणाले, हृदय थकलंय. परत आलेली मुलगी मेली की तिला वाडीच्या कुंपणाबाहेर पुरतात. वाडीच्या दारातूनही नेत नाहीत, कुंपणाला भोक पाडून बाहेर काढतात. आत पुरली तर भावांच्या पोरांना बाधा होते म्हणतात. म्हातारीला मुलगी आत हवी होती, आपल्या अंगणातल्या चुलीशेजारी. आणि ते ठरवणार होते झाब्लोनकाका, कारण घराण्यात थोरले तेच उरले होते. पण जिवंत माणसाच्या थडग्याबद्दल बोलणं म्हणजे मरण घरी बोलावणं. तेव्हा हा विषय काढायची सोयच नव्हती. ना दिराकडे, ना मुलांकडे, ना आरशाकडे.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बाई आणि पुरुष बरोबरीचे आहेत का?"

"आधी तुम्ही सांगा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"ते महत्त्वाचं नाही, आजी."

"जिने रांधलं तिला विचारा, महत्त्वाचं आहे की नाही," ती म्हणाली आणि सुरू झाली, "तळ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींची वस्ती होती..."

डॉक्टर माझ्याकडे झुकले. "गोष्ट आहे का?"

"हो. सगळ्यांना माहीत असलेली आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. टेप फिरत राहिला, कारण बंद करणं उद्धटपणाचं झालं असतं. मी चहाचं बघायला उठले. माहीत असलेली गोष्ट आमच्याकडे कुणी ऐकत नाही. तिच्या तालावर मान हलवायची असते, आणि ती चुलीपाशी बसूनही हलवता येते.

पुढच्या दिवसांत तिने आणखी चार प्रश्नांना गोष्टीच सांगितल्या. टाइप करताना मी प्रत्येक ठिकाणी कंस टाकला: (येथे त्या अमुक प्राण्याची, सर्वांना माहीत असलेली गोष्ट सांगतात.) कार्बनपेपर आधीच विरला होता. शिवाय सर्वांना माहीत असलेलं टाइप करायचं कशाला?

झाब्लोनकाकांची बारा पानं झाली. तिचं दीड.

डॉक्टरांचा नियम होता की, प्रत्येकाला त्याचं बोलणं वाचून दाखवायचं आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा. ते नैरोबीला परत गेले होते, म्हणून ते काम माझ्याकडे. मी आधी म्हातारीकडे गेले. अलुओच अंगणात चटईवर पडून होती, पायांखाली उशी. मी दीड पान वाचलं. फार वेळ लागला नाही.

"आणि मी बोलले ते?" म्हातारीने विचारलं.

"हेच की, काकी. मधे गोष्ट होती ना."

"गोष्ट कुठाय?"

"कंसात आहे. सुगरणीची. ती काय, सगळ्यांना माहीत आहे."

"कुठली?"

मी सांगितली. लहानपणी ऐकली होती तशीच सांगितली. बाभळीवरच्या एका सुगरणीची लेक खाडीपलीकडच्या झाडावर दिलेली असते. वादळात घरटं पडतं, नवरा दुसरीकडे विणायला निघून जातो, ती माहेरी येते. भाऊ म्हणतात, इथे एकेक काडी मोजून विणलेली आहे. तुला जागा करायची तर आमची घरटी उसवतील आणि पावसात आमची पिल्लं भिजतील. ती बाहेरच्या फांदीला धरून राहते. पाऊस येतो. सकाळी ती खाली चिखलात. म्हणून पोरींनो, दिल्या घरी घट्ट विणून राहा.

अलुओचने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती.

"अंगणात बसून मी तासभर बोलले," म्हातारी म्हणाली, "आणि तू मला माझ्या सासूची गोष्ट ऐकवलीस. जा. तुझ्या त्या पेटीला विचार."

मी कचेरीत जाऊन टेप लावला. कोंबड्या, डॉक्टरांचा खोकला, माझाच आवाज 'सगळ्यांना माहीत असलेली आहे' म्हणणारा, मग कपांचा खडखडाट. आणि त्या खडखडाटाखाली तिचा आवाज, घाई नाही, चढ नाही. भाऊ नाही म्हणतात, इथपर्यंत सगळं तेच. मग ती म्हणते: "आईने कुणाला विचारलं नाही. ती उठली आणि एकेका लेकाच्या घरट्यातून एकेक काडी ओढून काढली. लेकांनी झाड डोक्यावर घेतलं. तिने त्या काड्यांचं एक विणलं, अगदी लहान, मधोमध. मग पाऊस आला. सगळे भाऊ आतून भिंतींना चोच लावून बसले, ओल कुठून येतेय बघायला. सकाळ झाली." इथे टेपवर बराच वेळ नुसत्या कोंबड्या आहेत. "कोरडं होतं. संपली."

मी ते तीनदा ऐकलं. बाकीच्या चारही गोष्टी ऐकल्या. एकीतही शेवट जुना नव्हता.

सगळं टाइप करून मी नैरोबीला पाठवलं, सोबत कबुलीजबाब. डॉक्टरांचं पत्र लवकर आलं. त्यांनी लिहिलं होतं की, बदललेला शेवट रंजक आहे खरा, पण पात्रं पक्षी आहेत. विचारवंताने 'मी' म्हणायला हवं आणि कारण द्यायला हवं. ही पानं मी वरच्या मजल्यावर साहित्याच्या विभागाकडे देतो, तिथे त्यांचं चीज होईल. पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंचं पत्र आलं. लोककथा म्हणून यात दोष आहेत, त्या म्हणत होत्या. गाणं नाही, शिक्षा नाही, शेवटी बोधही नाही. मुद्दा मांडण्यासाठी सांगणाऱ्या आजींनी गोष्ट वाकवलेली दिसते. हे तत्त्वज्ञानाचं काम आहे, पानं खाली पाठवत आहे. माझा अंदाज, ती पानं दोन महिने जिन्यातच होती.

इकडे अलुओचला आता बसून झोपावं लागत होतं.

"दोघांचं एकदमच वाच," म्हातारी मला म्हणाली. "त्यांच्या अंगणात. मी येते."

झाब्लोनकाकांच्या आंब्याखालून म्हातारीची वाडी सरळ दिसते, मधे फक्त शेराचं कुंपण. अलुओच तिकडे दाराशी भिंतीला टेकवून बसवलेली होती. काकांनी चष्मा पुसला.

"वहिनी, तुझी किती पानं?"

"आता सहा झाली."

"माझी बारा."

"तुमचं बोलणं धुतलेल्या चादरीसारखं आहे, भावोजी. पसरायला जागा लागते."

काका हसले. दीर-भावजयीचं आमच्याकडे असं चालतं. आधी त्यांचं वाचलं. चालीला कारण विचारायचं ते वाक्य त्यांनी मला परत वाचायला लावलं, मग एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग मी तिचं वाचलं. 'कोरडं होतं' इथे पोचले तेव्हा ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "ती पडते."

"कुठल्या गोष्टीत?"

"म्हणजे काय, गोष्टीत. आईने सांगितलेल्या. तूही हीच ऐकलीस, या घरात आल्यावर."

"ती सासूबाईंची. डॉक्टर मला विचारत होते."

"अशी गोष्ट बदलता येत नाही. गोष्ट काय तुझ्या चुलीवरची पेज आहे, हवं तेवढं पाणी घालायला?"

"रोझबेला, त्यांचं चौथं पान काढ गं."

मी काढलं. जो फक्त ऐकलेलं परत सांगतो, त्याने स्वतः विचार केलेला नसतो, असं होतं तिथे. मी ते शक्य तितक्या कोरड्या आवाजात वाचलं.

"ते डॉक्टरांशी बोलायचं बोलणं," काका म्हणाले.

"हेही डॉक्टरांशीच बोलले मी. तुम्ही फक्त ऐकताय."

काकांनी कुंपणापलीकडे पाहिलं. अलुओच कपातून पाणी पीत होती, दोन्ही हातांनी धरून. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग चष्मा काढून टाकला. चष्म्याशिवाय त्यांना कुंपणसुद्धा दिसत नाही.

"घरटी उसवली असतील," ते म्हणाले.

"एकेक काडी काढली. एकेका घरट्यातून."

"लेकांनी आरडाओरडा केला म्हणतेस."

"लहान घरट्यांतले आवाज मोठे असतात."

"आणि ओल आली असती तर?"

"तर ती आलेल्या ओलीची गोष्ट झाली असती."

"तसं नाही, वहिनी. मी विचारतोय की तिला आधी कसं कळलं, ओल येणार नाही म्हणून?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हातारीकडे गोष्ट नव्हती.

"नाही कळलं तिला," ती म्हणाली.

सही करायला काकांनी चष्मा परत घातला. म्हातारीने जांभळ्या शाईत अंगठा बुडवला, उठवला आणि उरलेली शाई आंब्याच्या खोडाला पुसली. आंब्याखाली थडग्याचा शब्द कुणी काढला नव्हता. काकांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

अलुओच पुढच्या महिन्यात गेली, एका सकाळी, पेज अर्धी पिऊन. नाकुरूहून तिचे दोघे भाऊ बसने आले. धाकटा बहिणीच्या जवळचा होता, तो रडला. थोरल्याने कुदळी मागवल्या. दोघं वाडीबाहेर, शेराच्या पलीकडे जागा साफ करायला लागले. एकाने कुंपणाला भोक पाडण्यापुरता शेर तोडलाही, त्याचा पांढरा चीक गळत होता. म्हातारी आत प्रेताजवळ बसलेली. तिने बाहेर पाहिलं नाही. तिचं बोलून झालं होतं.

झाब्लोनकाका कोट घालून आले, बंदरातला निळा कोट. भोकापाशी थांबले. थोरल्याच्या हातातली कुदळ मागून घेतली आणि वाडीच्या दारातून आत गेले. म्हातारीच्या चुलीच्या डाव्या अंगाला त्यांनी पहिला घाव घातला. वय ऐंशीच्या जवळ. घाव काही फार खोल गेला नाही.

थोरला धावत आला. "काका, इथे?"

"इथे."

"काका, माझी पोरं लहान आहेत."

"माहीत आहे."

"त्यांना काही झालं तर?"

"तर माझ्याकडे ये."

"पण का? असं कुणी केलंय का? काही कारण तर सांगा."

सगळे थांबले होते. चौदा प्रश्नांना बारा पानं कारणं दिलेला माणूस उभा होता, आणि मी खरंच वाट पाहिली, सवयीने, पेन्सिल नसतानाही. काकांनी कुदळ धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "खणा. ऊन चढतंय."

अलुओचला झोपडीच्या दारातून अंगणात आणलं आणि कुंपणाच्या आत पुरलं. थोरला जेवायला थांबला नाही, संध्याकाळच्या बसने गेला.

मग लांबलेला पाऊस झाला. नाकुरूच्या पोरांना गोवर निघाला आणि बरा झाला. तिकडे शेजारच्या सगळ्याच पोरांना निघाला होता, पण पंधरा दिवस गावाने काकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरलेले नाही. ते रोज सकाळी म्हातारीच्या अंगणात येऊन बसायचे, लोकांना दिसेल असे.

डॉक्टर आले ते त्यानंतर. पुस्तक छापायला जाणार होतं. थडग्याची हकिगत मी त्यांना पत्राने कळवली होती आणि ते फार उत्साहात होते. त्यांना एक शेवटचं प्रकरण मिळालं होतं: परंपरेविरुद्ध बुद्धीने घेतलेला निर्णय. म्हातारीच्याच अंगणात आम्ही बसलो. म्हातारी सुपात चवळी सोलत होती. थडग्यावरची माती अजून बसली नव्हती, त्यावर एक कोंबडी उकरत होती, तिला काकांनी काठीने हाकललं.

"तुम्ही चाल मोडलीत," डॉक्टर म्हणाले. "तुमचं कारण मला तुमच्या शब्दांत हवंय."

"माझं स्वतःचं मत विचाराल तर," काकांनी सुरुवात केली आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. टेप फिरत होता. "तळ्याकाठच्या बाभळीवर," ते म्हणाले, "सुगरणींची वस्ती होती."

सांगता येत नव्हती त्यांना. खाडी विसरले, वादळ नंतर आणलं, मधेच बंदरातल्या एका साहेबाचा उल्लेख झाला. "मग आई लेकांना म्हणाली, मी एकेक काडी घेऊ का..."

"विचारलं नाही तिने," म्हातारी सुपातून मान वर न करता म्हणाली.

"विचारलं नाही," काकांनी मान्य केलं आणि पुढे गेले. शेवटापर्यंत पोचले. कोरडं होतं.

या वेळी डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली नव्हती. वाईट माणूस नव्हता तो. जिन्यातल्या त्या दोन महिन्यांची त्यांना लाज वाटत होती हे मला दिसत होतं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग काकांकडे. "हा शेवट बदललेला आहे. म्हणजे तो कुणीतरी विचार करून बदलला. मला पुस्तकात नाव घालायचंय. कुणी बदलला?"

"बदलला?" काका म्हणाले. "कुणी नाही बदलला. अशीच आहे ती. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे."

मी म्हातारीकडे पाहिलं. तिने एक शब्द टाकला असता तर ती पुस्तकात गेली असती, विचारवंतांत, छापील. साठ वर्षांत पहिल्यांदा तिचं खरं नाव कुणी वाचलं असतं. पण एका म्हातारीचा विचार म्हटला की, उद्या कुठलाही लेक कुदळ घेऊन येतो आणि म्हणतो, म्हातारीच्या डोक्यात काहीतरी होतं, चुकलं, आता बाहेर काढू. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीशी भांडायला मात्र कुणी सापडत नाही.

तिने एक किडका दाणा कोंबडीकडे टाकला.

"मी तर लहानपणापासून हीच ऐकत आलेय," ती म्हणाली. "सेमेलासुद्धा अशीच सांगतात. रोझबेला, तूही हीच ऐकलीस ना गं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्या भावाच्या वाडीलाही कुंपण आहे.

"हो," मी म्हटलं. ते टेपवर आहे.